दोन नंबरची कोल्डरूम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जिला वाटतं त्या मैत्रिणीलाही नाही. सांगता आलं असतं अशी वेळ बऱ्याचदा आली. दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलले. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही तितकंसं सोपं नाही, हे आता लिहायला बसल्यावर कळतंय.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. त्याशिवाय पुढचं समजणार नाही — आणि खरं सांगायचं तर, तेवढाच वेळ जाईल.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मी नाशिकला, सातपूरमधल्या एका लहानशा कंपनीत होते. आम्ही सगळे मिळून आठ जण, मालकांना सर म्हणायचो. नव्वदच्या दशकात माझ्याबरोबर इंजिनीअरिंग केलेली बहुतेक मंडळी पुण्याला, बंगलोरला गेली. आई एकटी होती म्हणून मी इथेच राहिले. पण ‘राहिली’ म्हणताना कुणी ‘मागे राहिली’ असं म्हणू नये, म्हणून ऑफिसात जरा जास्तच ताठ वागायचे. माझ्या कामात चूक निघत नाही अशी माझी ख्याती होती. ती मीच जपली होती.

आमची कंपनी एक डबा बनवायची. द्राक्षांच्या कोल्डरूममध्ये तो बसवायचा. तो आतलं तापमान मोजायचा आणि वायरशिवाय बाहेरच्या स्क्रीनवर पाठवायचा. डब्यात एक वायरलेस कार्ड असे. त्या कार्डाशी बोलणी करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझा होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा.

ही कार्डं मरायची. लोडशेडिंगचे दिवस होते. लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, की मध्ये एक झटका बसायचा आणि कार्डाच्या आतला छोटा प्रोग्राम बसकण मारायचा. म्हणून ड्रायव्हरमध्ये दोन कामकरी ठेवावे लागले. एक आकडे पाठवणारा. दुसरा, कार्ड मेलंय हे ओळखून त्याला उठवणारा. दोघांनी एकाच वेळी कार्डाला हात लावला तर गोंधळ होणार, म्हणून मध्ये एक लॉक. लॉक ज्याच्या हातात, त्याने काम करायचं, दुसऱ्याने थांबायचं. एवढी साधी गोष्ट.

माझी चूक अशी होती. उठवणारा आधी लॉक घ्यायचा, आणि मग पाठवणाऱ्याच्या हातातलं काम संपायची वाट बघायचा. पण पाठवणाऱ्याला ते काम संपवायला तेच लॉक हवं असायचं. झालं — दोघेही एकमेकांसाठी थांबले. कायमचे. डब्यावरचा दिवा पेटलेला, आत सगळं गप्प. हे नेहमी व्हायचं नाही. आकडा पाठवला जात असतानाच नेमकं कार्ड मेलं, तरच.

त्यात आणखी एक गोष्ट मी स्वतःहून घातली होती. कार्ड उठेपर्यंतच्या दोन-चार सेकंदांत स्क्रीन रिकामी दिसायला नको, म्हणून तोवर शेवटचा आकडा तसाच दाखवत राहायचा. सरांना हे फार आवडलं होतं. पण कार्ड उठलंच नाही तर?

मला हे माहीत होतं का? होतं.

डबा पाठवायच्या आधी एक अख्खी दुपार मी टेबलावर, लाईटचा झटका बसावा म्हणून, त्यातल्या कार्डाची पिन काढत होते, लावत होते. दोनदा तो गप्प झाला. स्क्रीनवर इशाऱ्याची एक ओळही आली होती, याच लॉकबद्दल, अगदी सरळ शब्दांत. मी ती वाचली. अर्धवट समजली असं म्हणता आलं असतं, पण नाही, पंधरा मिनिटांत पुरती समजली. दुरुस्ती दोन-तीन ओळींची होती. पण त्यानंतर आठवडाभर पुन्हा सगळी तपासणी करायला लागली असती. निफाडकडे द्राक्षांची तोडणी सुरू झाली होती. तीन दिवसांत डबा बसवायचा होता. मी तो इशारा बंद केला. म्हणजे चूक नव्हे, चुकीबद्दल सांगणारी ओळ बंद केली. सरांना म्हणाले, पिन ढिली होती.

एवढंच असतं तर मी हे केव्हाच सांगितलं असतं. चुका सगळ्यांच्या होतात, कधीतरी जेवताना हसत सांगितल्या जातात. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

निफाडच्या अलीकडे ते पॅकहाउस होतं, द्राक्षं थंड करून पेट्यांत भरायची जागा. मालकांना सगळे बाळासाहेब म्हणत. तीन कोल्डरूम होत्या आणि त्या सांभाळायचे पुंजाकाका. पुंजाराम त्यांचं नाव. साठीच्या जवळ आलेले, बारीक, कमी बोलणारे. मार्चच्या उन्हातही अंगात पॅकहाउसने दिलेला निळा स्वेटर, कारण दर तासाला ते तिन्ही खोल्यांत जायचे. आत टांगलेला तापमापक बघायचे, क्रेटमधल्या द्राक्षांना हाताची पालथी बाजू लावायचे, आणि बाहेर येऊन रजिस्टरमध्ये आकडा लिहायचे. पंधरा वर्षं हेच. हात लावल्याशिवाय त्यांनी एकही आकडा लिहिला नव्हता म्हणे.

ती सवय मी मोडली. डबा बसवला त्या दिवशी मीच त्यांना शिकवलं. म्हटलं, ‘‘काका, दार उघडलं की गरम हवा आत जाते. आता दार उघडायचं नाही. स्क्रीन बघायची आणि लिहायचं.’’

ते जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘आन स्क्रीनच चुकली तर वो मॅडम?’’

मी हसले. ‘‘चुकली तर लाल होईल. भोंगा वाजेल.’’

त्यांनी मान हलवली. आणि माझं ऐकलं. आठवड्यातच ते मला ‘आमच्या मॅडम’ म्हणायला लागले. काही अडलं की ऑफिसच्या फोनवर विचारायचे. फोन माझ्याच टेबलावर असायचा. आकडा मोठा कसा करायचा, स्क्रीन पुसली तर चालेल का — असले प्रश्न. मला त्याचं बरं वाटायचं. ‘आमच्या मॅडम’ — कुणी मला असं म्हटलेलं नव्हतं.

तो दिवस मार्चमधलाच. दुपारी एकच्या सुमाराला लाईट गेली, जनरेटर सुरू झाला. त्या झटक्यात दोन नंबरच्या खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. आतले पंखे मात्र चालू राहिले. पॅनेलवरचा दिवा पंख्यांच्या लाईनवर होता, त्यामुळे तोही पेटलेलाच. आणि त्याच झटक्यात त्या खोलीतल्या आमच्या डब्याचं कार्ड मेलं — नेमकं आकडा पाठवताना. स्क्रीनवर एक अंश होता. तो तिथेच थांबला. आत सकाळीच तोडलेली द्राक्षं होती, परदेशी जाणारी.

तीन वाजता माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी उशिरा डबा खात होते.

‘‘मॅडम, पुंजा बोलतोय. दोन नंबरचा आवाज जरा येगळा येतोय. रोजच्यासारखा नाय. स्क्रीनवर एकच दिसतंय, म्हंजे बरोबरच हे. पन म्हनलं इचारावं. दार उघडून बघू का?’’

मी म्हणाले, ‘‘नको काका. स्क्रीनवर एक आहे ना? मग काही नाही. जनरेटरवर आवाज वेगळा येतोच.’’

‘‘बरं. तुमी म्हनता तर मंग.’’

मी रिसीव्हर ठेवला. आणि — हे मी स्वतःशीसुद्धा आजवर नीट म्हटलेलं नाही — त्याच क्षणी मला ती इशाऱ्याची ओळ आठवली. लख्ख आठवली. लाईट गेली असणार, झटका बसला असणार, आकडा अडकला असेल का? परत फोन करून ‘काका, डबा बंद करून चालू करा’ एवढंच सांगायचं होतं. एक मिनिटाचं काम. पण मग सरांनी विचारलं असतं, का? मग मला पिनेबद्दल सांगावं लागलं असतं. मी विचार केला, तसं नसेलच. दोनदाच तर झालं होतं. मी जेवण पूर्ण केलं. बटाट्याची भाजी होती.

संध्याकाळी माल भरायला गाडी आली, तेव्हा दोन नंबरचं दार उघडलं. आतून गरम वाफ आली, असं तिथले लोक सांगत होते. घडांवर घाम सुटला होता. ओली झालेली द्राक्षं पेटीत टिकत नाहीत. त्यातला एकही क्रेट परदेशी जाण्याजोगा उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि मी गेलो. सर बाळासाहेबांच्या केबिनमध्ये गेले, मी सरळ डब्याकडे. खोली रिकामी होती, दार सताड उघडं होतं, बाहेर चांगलं ऊन — आणि स्क्रीनवर अजून एक अंश. कुणाच्या लक्षात कसं आलं नव्हतं? पण कुणी बघितलंच नव्हतं, सगळे मालाच्या मागे होते. मी डब्याची नोंद लॅपटॉपवर उतरवून घेतली, वाचली. उठवणारा थांबलेला, पाठवणारा थांबलेला. मग मी डबा बंद केला आणि परत चालू केला. आकडा सत्तावीस झाला. आता कुणीही येऊन बघितलं असतं तरी डबा बरोबरच चालताना दिसला असता. मी हे घाईत केलं का? नाही. शांतपणे केलं. आधी मागे वळून बघितलं, मग केलं.

केबिनमध्ये टेबलावर दोन नंबरचं रजिस्टर उघडं होतं. दोन वाजता एक, तीन वाजता एक, चार वाजता एक, पाच वाजता एक. पुंजाकाकांचं अक्षर. ते भिंतीजवळ उभे होते.

बाळासाहेब ओरडणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, ‘‘पुंजा, तू आत गेलाच नाहीस.’’

‘‘नाय गेलो, भाऊ. दार उघडायचं नाय आसं सांगितलं व्हतं. स्क्रीनवर एकच व्हतं, म्या डोळ्यांनी बघितलं. आवाज येगळा आला तवा फोनबी केला. तीन वाजता. मॅडमनीच उचलला.’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सरांनीही. बाळासाहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘‘आला होता का ताई फोन?’’

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही. मिळाला होता. नाशिकहून निफाडपर्यंतचा सगळा रस्ता मिळाला होता.

मी म्हणाले, ‘‘काल नाही. परवा आला होता त्यांचा फोन. स्क्रीन पुसण्याबद्दल विचारत होते.’’

परवा फोन आला होता हे खरं होतं. म्हणूनच ते खोटं इतकं नीट बसलं. निव्वळ ‘नाही’ म्हटलं असतं तर कदाचित कुणी पुढे विचारलं असतं. मी त्यांना एक खरा फोन दिला — चुकीच्या दिवसाच्या जागी.

सरांनी विचारलं, ‘‘मशीन अडकलं असेल का गं? एखाद वेळेला?’’

‘‘नाही सर. मी नोंद बघितली. काही नाही त्यात.’’

पुंजाकाका माझ्याकडे बघत होते. रागाने बघत असते तर बरं झालं असतं. ते आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांचे ओठ जरा हलले, जणू मनात दिवस मोजत होते. मग ते बाळासाहेबांना म्हणाले, ‘‘मॅडम कशाला खोटं बोलतील? माझ्याच ध्यानात काय तरी घोळ झाला आसंल.’’

बाळासाहेब म्हणाले, आकडे अंदाजाने टाकलेस, पंधरा वर्षांचा माणूस म्हणून विश्वास ठेवला होता. काकांनी स्वेटर काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. त्यावर खोल्यांच्या किल्ल्या ठेवल्या. आत पांढरा सदरा होता, खांद्यावर उसवलेला. जाताना माझ्याजवळून गेले तेव्हा ‘‘येतो मॅडम’’ म्हणाले. नेहमी म्हणायचे तसंच.

परतताना गाडीत सर म्हणाले, बिचारा. मी पण म्हणाले, बिचारा.

त्याच आठवड्यात मी कोड दुरुस्त केला. उठवणाऱ्याने आधी वाट बघायची, मग लॉक घ्यायचं — दोन ओळी खाली-वर केल्या. आकडा बराच वेळ बदलला नाही तर स्क्रीन लाल करायची सोयही केली. कोडात काय बदललं ते दर वेळी लिहून ठेवायची पद्धत असते. मी लिहिलं: किरकोळ सुधारणा. नवा ड्रायव्हर सगळ्या ठिकाणी गेला. त्यानंतर आमचा एकही डबा अडकला नाही. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हिच्या कामात चूक निघत नाही.

पुंजाकाकांना त्या भागात पुन्हा कोल्डरूमचं काम मिळालं नाही. पॅकहाउसवाले सगळे एकमेकांना ओळखतात. न बघता आकडे टाकणारा माणूस, एवढं एकदा झालं की झालं. मी हे सगळं तिथल्या लोकांकडून ऐकत राहिले. विचारायचे नाही, पण कुणी बोललं की लक्ष देऊन ऐकायचे. पुढे कळलं की मखमलाबादला मुलीकडे राहायला गेले. मग बातमी थांबली. मला हलकं वाटलं. हो, वाटलं.

चारेक वर्षांनी एका बुधवारी मी गोदेकाठच्या बाजारात गेले होते. एका बाईकडे ताजी मेथी दिसली म्हणून वाकले, तर मागे पोत्यावर पुंजाकाका बसलेले. शेपूच्या जुड्या बांधत होते. त्यांनी आधी ओळखलं.

‘‘मॅडम! वळखलं का? पुंजा. बाळासायबांकडचा.’’

मी ‘‘हो काका’’ म्हणाले. कसे आहात, बरे आहात का — काय काय बोलले ते आठवत नाही. मेथी विकणारी त्यांची मुलगी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी कोण ते ओळखून तिचे हात थांबले.

काकांनी विचारलं, ‘‘मशीन चालतंय का आजून तुमचं?’’

‘‘चालतंय.’’

‘‘चांगलं व्हतं मशीन.’’ मग त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि जरा पुढे सरकले. ‘‘मॅडम, येक इचारायचं व्हतं. राग नका मानू. त्या दिवशी म्या फोन केलता का नव्हता? मला पक्कं वाटायचं का केलता. तुमचा आवाजसुदिक ऐकू यायचा. दार उघडू नका, म्हनले तुमी, आसं. हिला बी सांगितलं, गावात चार लोकांना सांगितलं, का मॅडम खोटं बोलली. आता लय वर्सं झाली. आता वाटतं, आदल्या दिवशीचाच आसंल तो. मानसाचं डोकं हे, काय भरोसा. पन तुमच्यावर खोटा आळ घेतला, ते मनातून जात नाय.’’

मुलगी म्हणाली, ‘‘अण्णा, राहू द्या ना आता.’’ पण ती बघत माझ्याकडेच होती. वाट बघत होती.

तिथे मला कसली भीती होती? सर तोवर कंपनी विकून गेले होते. मी दुसरीकडे नोकरीला होते. बाळासाहेबांचा माझा काही संबंध उरला नव्हता. खरं बोलून माझं काय जाणार होतं? काही नाही. एक मेथी विकणारी बाई आणि एक म्हातारा माणूस, त्या दोघांपुढे मला लहान व्हावं लागलं असतं. बस, एवढंच.

मी म्हणाले, ‘‘आदल्या दिवशीचाच असेल, काका.’’

त्यांनी सावकाश मान डोलावली. एकदा, मग पुन्हा. ‘‘तेच म्हनलं,’’ ते म्हणाले. ‘‘मंग माफी करा मॅडम. म्या बोललो तुमच्याबद्दल, ते चुकलं माझं.’’ आणि त्यांनी हात जोडले.

मी त्यांना हात खाली करायला लावले नाहीत. ‘‘असू द्या’’ म्हणाले. असू द्या! — म्हणजे मी त्यांना माफ केलं. मुलीने मान खाली घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला जुड्या द्यायला लागली. माझ्या पिशवीत मेथी टाकली होती की नाही हेही मी बघितलं नाही.

त्यांची नोकरी गेली ती माझ्यामुळे. पण ती तरी त्यांच्या बाहेरची गोष्ट होती. फोन आपण केला होता हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं, तोवर ते स्वतःशी तरी खरे होते. ते चार वर्षं टिकलं. मग त्या बुधवारी, भर बाजारात, मी तेही काढून घेतलं.

ते आता असतील का, मला माहीत नाही. मखमलाबाद माझ्या घरापासून लांब नाही. रिक्षाने गेलं तर वीस मिनिटं. मी गेलेले नाही. भाजी मी आता कॉलेज रोडला घेते.